डार्क हॉर्स म्हणजे काळी घोडी नव्हे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली, शेतकरी घरातली. शाळा सगळी मराठी माध्यमात झाली. आता पुण्यात एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये नोकरी करते. आमचे मॅनेजर इंग्लंडमध्ये बसतात. दर महिन्याच्या क्लेमच्या याद्या जुळवायला आम्हाला दोन दिवस लागायचे. मी कुणाला न सांगता घरी बसून एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे तेच तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला आणि ते काम अर्ध्या दिवसावर आलं. अप्रेझलच्या कॉलवर हे मॅनेजरना कळलं, तेव्हा टीम लीडच्या देखत ते हसत म्हणाले, "वेल, यू आर अ डार्क हॉर्स, आरन्ट यू!" टीम लीडही हसला.

ताई, माझा रंग काळा आहे. लहानपणापासून त्यावरून ऐकून घेतलंय, लग्न जमतानाही ऐकलंय. आता ऑफिसातही तेच? त्या दिवसापासून मी कॉलवर कॅमेरा बंद ठेवते, विचारलं तेवढंच बोलते. त्यात आणखी भर म्हणजे शुक्रवारचा रात्रीचा कॉल थोडा आधी घ्या म्हणून मी मेल केली होती, पुन्हा आठवण केली, तर उत्तर आलं, "लेट्स नॉट फ्लॉग अ डेड हॉर्स." आधी काळी घोडी, मग मेलेली घोडी! एका मीटिंगमध्ये "होल्ड युअर हॉर्सेस" असंही म्हणाले होते. नवरा म्हणतो सोडून दे, मैत्रीण म्हणते एचआरकडे जा. मी काय करू? की माझंच इंग्रजी कच्चं आहे?

ता. क. मुलीला शाळेत 'वरातीमागून घोडं' या म्हणीला जवळची इंग्रजी म्हण विचारली होती. मी 'पुटिंग द कार्ट बिफोर द हॉर्स' लिहून दिली. आता तीही चुकली की काय असं वाटतंय.

एक वाचक, पुणे

*

प्रिय मैत्रिणी,

आधी तक्रारीचं बोलू, कारण तो निर्णय तुझ्या डोक्यावर टांगलेला आहे. या वाक्यावरून एचआरकडे जाऊ नकोस. तुझ्या मॅनेजरने तुझं कौतुक केलंय, तेही मनापासून.

'डार्क हॉर्स' हा शब्द रेसकोर्सवरचा. शर्यतीत कोणता घोडा कसा पळतो हे पैसे लावणाऱ्यांना तोंडपाठ असतं. पण एखादा घोडा असा निघतो की त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. मालकाने त्याचा वेग झाकून ठेवलेला असतो, किंवा तो आधी फारसा पळालेलाच नसतो. आणि मग तोच सगळ्यांना मागे टाकून पुढे जातो. इथल्या 'डार्क'चा रंगाशी संबंध नाही. अंधारात असलेला, लोकांना ठाऊक नसलेला, असा त्याचा अर्थ. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बेंजामिन डिझरायली यांनी १८३१ साली एका कादंबरीत अशाच घोड्याचं वर्णन केलं होतं, कुणाच्या खिजगणतीत नसलेला आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जिंकून गेलेला. तिथून तो शब्द माणसांना लागला. १८४४ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन बाल्टिमोरला भरलं, तेव्हा मोठी नावं एकमेकांना अडवून बसली आणि नवव्या फेरीत जेम्स पोल्क यांना उमेदवारी मिळाली, जे सुरुवातीला चर्चेतही नव्हते. ते निवडूनही आले. अमेरिकेच्या राजकारणातला पहिला डार्क हॉर्स म्हणून त्यांचंच नाव घेतात.

इंग्लंडमधल्या रोजच्या बोलण्यात या शब्दाला आणखी एक छटा आहे, आणि तुला लागू होते ती हीच. जो माणूस स्वतःबद्दल फारसं बोलत नाही आणि मग अचानक कळतं की हा उत्तम सतार वाजवतो किंवा याला चार भाषा येतात, त्याला तिथले लोक आश्चर्याने म्हणतात, "यू आर अ डार्क हॉर्स!" आपण म्हणतो ना, "छुपी रुस्तम निघालीस की!" अगदी तेच. वाक्याच्या शेवटी जोडलेलं "आरन्ट यू" ऐक. ते कौतुकाने गालगुच्चा घेतल्यासारखं आहे. तू कुणाला न सांगता घरी बसून मॅक्रो लिहिलास आणि दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आणलंस. याला डार्क हॉर्स नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

आता तुझ्या दुखण्याबद्दल. अर्थ कळला म्हणून ते लगेच जाईल असं मला वाटत नाही. ज्या मुलीला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, बघायला आलेल्या लोकांनी रंगावरून बोलून ठेवलंय, तिच्या कानाला 'डार्क' हा शब्द आधी तिथेच लागणार. यात तुझ्या इंग्रजीचा दोष नाही. उत्तम इंग्रजी येणारी मुलगीही त्या क्षणी तेच ऐकती. दोष त्या लोकांचा आहे ज्यांनी तुला हे ऐकायची सवय लावली, आणि ते लोक इंग्लंडमध्ये बसलेले नाहीत. त्यांच्या वाट्याचा राग या माणसावर काढू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि उद्या ऑफिसात खरोखरच कुणी रंगावरून बोललं, तुझ्या फोटोवर, कॅमेऱ्यावर, उजेडावर शेरा मारला, तर मात्र गप्प बसायचं नाही. तारीख, वेळ, शब्द आणि समोर कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि सरळ लेखी तक्रार करायची. तेव्हा नवऱ्याने 'सोडून दे' म्हटलं तरी सोडायचं नाही.

टीम लीडशी मात्र एकदा बोल. तो का हसला हे त्यालाच विचार. बहुतेक त्याला अर्थ माहीत होता म्हणून तो हसला असेल, पण तू मनात धरून बसण्यापेक्षा विचारलेलं बरं. मॅनेजरलाही सांगायला हरकत नाही. पुढच्या कॉलवर साध्या शब्दांत म्हण की तुम्ही मला डार्क हॉर्स म्हणालात तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता, आमच्याकडे रंगावरून फार बोललं जातं म्हणून मला वाईट वाटलं होतं, आता अर्थ कळला, धन्यवाद. समजूतदार माणूस हे ऐकून ओशाळेल आणि पुढे परदेशातल्या सहकाऱ्यांशी बोलताना शब्द जपून वापरेल. तुझ्यानंतर त्या टीममध्ये येणाऱ्या मुलींनाही त्याचा उपयोग होईल.

आता ती मेलेली घोडी. ती तू नाहीस गं. 'फ्लॉग अ डेड हॉर्स' म्हणजे मेलेल्या घोड्याला चाबूक मारणं. कितीही मारलंस तरी गाडी हलणार नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश राजकारणात हा शब्दप्रयोग रुळला, ज्या विषयात कुणालाच रस उरलेला नाही तो पुन्हा पुन्हा काढण्याबद्दल. इथे घोडा म्हणजे विषय, शुक्रवारच्या कॉलची वेळ. आणि त्यांनी 'लेट्स नॉट' म्हटलंय, म्हणजे चाबूक आपल्या दोघांच्याही हातात आहे, दोघंही थांबू या. याला मराठीत 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणायचा मोह होईल, पण तसं करू नकोस, कारण त्यात समोरच्या माणसालाच घडा ठरवलं जातं. इंग्रजी वाक्यात कुणालाच मठ्ठ म्हटलेलं नाही.

मात्र इथे मी मॅनेजरची बाजू पूर्ण घेणार नाही. वाक्य अपमानाचं नसलं तरी दार लावून घेणारं आहे. 'हा विषय संपला' हे त्यांनी गोड करून सांगितलंय. एका बाईला रात्रीच्या कॉलचा त्रास होतोय, तिने दोनदा लिहिलंय, तिला एवढंच उत्तर पुरेसं नाही. तेव्हा तोच अर्ज तिसऱ्यांदा पाठवू नकोस, त्यात काहीतरी नवीन घाल. नवीन मुद्दा तुझ्या हातात आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं एक तास मागे जातात. तिथल्या दुपारी चारचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे साडेआठला पडतो, तोच हिवाळ्यात साडेनऊला. तेव्हा लिही की घड्याळं बदलल्यावर हा कॉल आमच्याकडे साडेनऊला सुरू होईल, तर त्या पाच महिन्यांपुरता तो तुमच्या दुपारी दोनला घेता येईल का. ठरावीक काळ, ठरावीक वेळ, आणि दोन देशांतल्या तासांचा हिशोब. असा घोडा जिवंत असतो.

'होल्ड युअर हॉर्सेस' तर अगदीच निरुपद्रवी. अमेरिकेतलं जुनं बोलणं आहे, गाडी हाकणाऱ्याला लगाम खेचायला सांगणारं. जरा दम धर, घाई करू नकोस. पण एक लक्षात ठेव, हे बरोबरीच्या माणसाला किंवा मोठ्याने धाकट्याला म्हणतात. तू उलट मॅनेजरना असं म्हणू नकोस. त्यांना 'कॅन वी वेट अ लिटल' म्हटलंस की काम होतं.

तुला वाटत असेल, या माणसाला घोड्याशिवाय काही सुचत नाही का. त्यांचं एकट्याचं नाही, ती भाषाच घोड्यावर वाढलेली आहे. मोटार येईपर्यंत तिथला प्रवास, शेतातली नांगरट, लढाई, बाजार आणि करमणूक, सगळीकडे घोडा होता, आणि प्रत्येक ठिकाणचा घोडा भाषेत आपला आपला अर्थ घेऊन आला. म्हणून नवा शब्दप्रयोग ऐकलास की आधी बघ, हा घोडा उभा कुठे आहे. शर्यतीत, बाजारात, तबेल्यात, की लढाईत? जागा सापडली की अर्धा अर्थ सापडतो. पाठांतराच्या याद्या केल्यास तर आठवड्यात विसरशील.

शर्यतीतला आणखी एक घोडा ऐकायला मिळेल, 'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ'. कोणता घोडा जिंकणार याची आतली खबर हवी तर तबेल्यातल्या माणसाला विचारतात. पण खबर खुद्द घोड्याच्याच तोंडून आली तर? म्हणजे अगदी मूळ माणसाकडून कळलेली पक्की बातमी.

बाजारातल्या घोड्याचं तोंड वेगळं. तिथे गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करून दात बघतं. घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के दात यायला साधारण पाच वर्षं लागतात. नंतर वय वाढतं तसे दातांच्या माथ्यावरचे खळगे झिजतात, पुढचे दात बाहेर झुकायला लागतात आणि हिरडी मागे सरकल्याने दात लांब दिसतात. विकणारा काही का सांगेना, दात खरं सांगतात. म्हणून वय झालेल्या माणसाला इंग्रजीत 'लाँग इन द टूथ' म्हणतात, आणि भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून बघू नये असंही म्हणतात, 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ'. इंग्रज लेखक जॉन हेवुड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात ती सापडते. आपल्याकडे धर्माच्या गाईचे दात बघत नाहीत, तेच हे.

याच बाजारातल्या एका शब्दाबद्दल तुला सावध करते, कारण तो तुमच्या ऑफिसात हमखास येणार. 'हॉर्स-ट्रेडिंग'. आपण वर्तमानपत्रात 'घोडेबाजार' वाचतो तेव्हा आमदारांची खरेदी, पैशांच्या बॅगा आणि रिसॉर्टच डोळ्यांपुढे येतं. त्यात खऱ्या घोडेबाजाराचं नाव फुकट बदनाम झालंय. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी भरणारा बाजार किंवा तुमच्या शेजारी नांदेड जिल्ह्यातला माळेगावच्या खंडोबाचा बाजार, हे उजळ माथ्याचे जुने बाजार आहेत. ब्रिटिश मॅनेजर मात्र 'आफ्टर सम हॉर्स-ट्रेडिंग विथ फायनान्स' असं लिहितो तेव्हा त्याने लाच दिलेली नसते. चिकाटीने घासाघीस केली, थोडं सोडलं, थोडं मिळवलं, एवढंच त्याला म्हणायचं असतं. राजकारणाबद्दलही तिकडे हा शब्द बहुधा देवाणघेवाणीसाठीच येतो. तेव्हा तसा मेल आला तर दचकू नकोस, आणि तू स्वतः भारतीय सहकाऱ्यांना लिहिताना हा शब्द टाळ.

लढाईतल्या घोड्याला तर तुझ्या शहराचंच नाव आहे. 'पूना हॉर्स' ही भारतीय लष्कराची रेजिमेंट, मूळची १८१७ सालची. इथे 'हॉर्स' म्हणजे एक घोडा नव्हे, सबंध घोडदळ. घोडे गेले, रणगाडे आले, तरी नाव तेच राहिलं. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, या दोन्ही परमवीरचक्र मिळालेल्या वीरांची पलटण हीच.

एका शब्दप्रयोगाबद्दल मात्र खरोखर कान टवकारायचे. 'हाय हॉर्स'. पूर्वी उंच घोड्यावर बसायचे ते उमराव, खालच्या माणसाकडे मान वाकवून बघणारे. कुणी 'गेट ऑफ युअर हाय हॉर्स' म्हणालं तर ते कौतुक नाही, 'स्वतःला शहाणं समजू नकोस' असं सुनावणं आहे. आपल्याकडे 'घोड्यावर बसून आलास का' म्हणजे एवढी घाई कसली. मराठी कानाला तो इंग्रजी टोमणा घाईबद्दलचा वाटू शकतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि हे वाचून तुला आनंद होईल. आपण मोठ्या, ढोबळ चुकीला घोडचूक म्हणतो, वय उलटलेल्या मुलीला घोडनवरी म्हणायचे (हा शब्द गेला तर बरं). म्हणजे 'घोड' लावलं की थोराड, आडदांड असा अर्थ येतो. इंग्रजीत हुबेहूब तेच आहे. 'हॉर्सरॅडिश' हा मुळ्याच्या जातकुळीतला पण फार तिखट, राकट कंद. त्याची चटणी इंग्रजांना भाजलेल्या मांसाबरोबर लागते. इथे आल्यावर त्यांना शेवग्याच्या मुळ्यांना तसाच झणका सापडला, म्हणून शेवग्याचं इंग्रजी नाव 'हॉर्सरॅडिश ट्री' पडलं. 'हॉर्स ग्राम'मध्ये मात्र खराच घोडा आहे. तुमच्याकडचे हुलगे, कोकणातले कुळीथ, घोड्यांना चारत म्हणून ते नाव. वडिलांच्या विहिरीवर मोटर असेल तर तिच्यावरच्या 'एचपी'तही घोडाच आहे. वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करेल हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून जेम्स वॅट यांनी ते माप बसवलं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि 'वॅट' हे नावही त्यांचंच. लहानपणापासून ज्या घोड्यांच्या सोबतीने तू वाढलीस तेच हे इंग्रजी घोडे आहेत, तेव्हा तुझं इंग्रजी कच्चं असं म्हणू नकोस. तू पुस्तकातून शिकलीस, आणि हे शब्द बोलण्यातून येतात, एवढाच फरक. यापुढे कॉलवर असं काही आलं तर तिथेच विचार, "सॉरी, व्हॉट डज दॅट मीन?" परदेशी लोकांना याचं काहीच वाटत नाही, उलट ते आवडीने सांगतात. आणि कॅमेरा चालू कर. ज्या बाईने दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आणलं, तिचा चेहरा त्या टीमला दिसलाच पाहिजे.

राहिली लेकीची वही. ती मात्र दुरुस्त करायला हवी. 'कार्ट बिफोर द हॉर्स' म्हणजे गाडी पुढे आणि घोडा मागे, कामाचा क्रमच उलटा. त्याला आपलं 'आधी कळस मग पाया' जवळचं. 'वरातीमागून घोडं'मध्ये क्रमापेक्षा वेळेची बोंब आहे. नवरदेवाची वरात निघून गेल्यावर घोडं आणून काय उपयोग? त्याला इंग्रजीत 'लॉकिंग द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड' म्हणतात, घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप. लिहून देताना तिला 'बोल्टेड'चा अर्थही सांग, नाहीतर ती दाराला कडी लावली असं समजेल. घोड्याच्या बाबतीत 'बोल्ट' म्हणजे उधळून पळणं.

तुझी ताई